नोंदीचे पहिले वाक्य

ज्ञानकोश हाती घेणारा मनुष्य कादंबरी वाचणाऱ्यासारखा फुरसतीने बसलेला नसतो. वर्तमानपत्रात एखादे अपरिचित नाव आढळले, कचेरीतून आलेल्या कागदावरचा एखादा शब्द उमगला नाही, शाळेतून आलेल्या मुलाने काही विचारले आणि त्याचे उत्तर देता आले नाही, अशा एखाद्या नडीच्या वेळी तो कोशाकडे वळतो. आणि त्याची ती नड भागवण्याचे जे सामर्थ्य नोंदीच्या पहिल्या वाक्यात असते, ते पुढच्या वीस परिच्छेदांत मिळूनही नसते. पुष्कळ वाचक तेवढे एक वाक्य वाचून कोश मिटतात, आणि तसे करण्यात त्यांचा काही अपराध नाही. आता तर मोबाइलवर शोध घेणाऱ्यापुढे बहुधा पहिली एकदोन वाक्येच ठेवली जातात, आणि तेवढ्यावरच त्या विषयाचे त्याचे आयुष्यभराचे ज्ञान उभे राहते. असे असता, मराठीत संदर्भलेखन करणारे आपण सारे या वाक्याकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके देत नाही, आणि ही उणीव केवळ शैलीची नसून लोकशिक्षणाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणीव कोणत्या स्वरूपाची आहे ते पाहण्यासाठी कोणत्याही स्मरणिकेतला, गॅझेटियरच्या धर्तीवर लिहिलेल्या तालुकावर्णनातला किंवा हौसेने चालवलेल्या एखाद्या कोशातला लेख उघडावा. व्यक्तीविषयीचा लेख असेल तर तो बहुधा गौरवाने सुरू होतो. 'थोर', 'सुप्रसिद्ध', 'अलौकिक', 'महाराष्ट्राचे भूषण' ही विशेषणे ओळीने येतात, आणि ती व्यक्ती गायक होती, गणिती होती की गिरणीकामगारांची पुढारी होती हे कळावयास दुसरा परिच्छेद गाठावा लागतो. वस्तुतः जो सुप्रसिद्ध आहे त्याला सुप्रसिद्ध म्हणण्याचे प्रयोजन नाही, आणि जो तसा नाही त्याला ते विशेषण जोडल्याने प्रसिद्धी येत नाही. स्थळाविषयीचा लेख असेल तर त्याचा आरंभ पुराणकाळात होतो, आणि ते स्थळ कोणत्या जिल्ह्यात आहे हे सांगण्यापूर्वी तेथे कोणत्या असुराचा वध झाला ते सांगितले जाते. शास्त्रीय विषय असेल तर लेखक शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरतो आणि मूळ धातूपाशी रमतो. हे तिन्ही प्रकार श्रद्धेतून, अभिमानातून किंवा व्यासंगातून उद्भवतात हे मला मान्य आहे. त्या भावनांचा मी अनादर करीत नाही. तथापि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते, आणि प्रश्न तर एकच असतो: हे काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे याचा विचार आपल्या परंपरेत फार सूक्ष्मपणे झालेला आहे. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने शास्त्राची प्रवृत्ती उद्देश, लक्षण आणि परीक्षा अशी तीन प्रकारची सांगितली. प्रथम पदार्थाचे नाव घ्यावे, मग त्याला इतरांपासून वेगळे करणारा धर्म सांगावा, आणि त्यानंतरच ते लक्षण टिकते की नाही याची चिकित्सा करावी. ज्ञानकोशातील कोणतीही चांगली नोंद याच क्रमाने चालते. शीर्षक हा उद्देश, पहिले वाक्य हे लक्षण, आणि उरलेला सगळा मजकूर ही परीक्षा. लक्षण कोठे बिघडते हेही नैयायिकांनी सांगून ठेवले आहे, आणि त्यांचे गायीचे उदाहरण तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. शिंगे असलेला पशू म्हणजे गाय, असे म्हटले तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. कपिल वर्णाचा पशू म्हणजे गाय, असे म्हटले तर पांढऱ्या आणि काळ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. अखंड खुराचा पशू म्हणजे गाय, असे म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी, जिला शास्त्रात सास्ना म्हणतात, ती असणे हे मात्र गायीचे निर्दोष लक्षण मानले गेले. यांच्या जोडीला आत्माश्रय आणि अन्योन्याश्रय हे आणखी दोन दोष लक्षात घेतले, म्हणजे कोशकाराला लागणारी बहुतेक सामग्री हाती येते. सहकारी संस्था म्हणजे सहकाराच्या तत्त्वावर चालणारी संस्था, असे लिहिणे हा आत्माश्रय होय. आणि 'वतन' या नोंदीत 'इनाम पहा' व 'इनाम' या नोंदीत 'वतन पहा' असे सांगून वाचकाला दोन दारांमध्ये फिरवणे हा अन्योन्याश्रय. आजही छापील आणि विद्युत्माध्यमातील मराठी नोंदींची पहिली वाक्ये या पाच कसोट्यांना लावून पाहिली, तर त्यांपैकी किती उतरतील याविषयी मला चिंता वाटते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. नैयायिकाचे लक्षण निर्दोष असले तरी ते कोशवाचकाला पुरे पडेलच असे नाही. ज्याने गाय कधी पाहिली नाही त्याला सास्नेची खूण सांगितल्याने गाय ओळखता येईल, पण गाय म्हणजे काय हे कळणार नाही. ती दूध देते, तिचे गोऱ्हे वाढवून शेतीला जुंपतात, ती माणसाळलेली आहे, हे काहीच त्यातून निघत नाही. लक्षणाचे काम व्यावृत्तीचे, म्हणजे वेगळे काढण्याचे; कोशातील वाक्याला वेगळे काढून शिवाय बोधही करून द्यावा लागतो. म्हणून वस्तू कोणत्या जातीची, त्या जातीत ती वेगळी कशाने, आणि लोकांच्या व्यवहारात तिचे महत्त्व कशामुळे, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात सामावणे हे कौशल्याचे काम होऊन बसते, आणि विषयाचे संपूर्ण ज्ञान असल्याखेरीज ते साधत नाही. लांब लेख अपुऱ्या ज्ञानावरही लिहिता येतो. असे वाक्य लिहिता येत नाही.

मराठी वाचकाच्या रोजच्या व्यवहारातील एक नोंद घेऊन हे अधिक उलगडता येईल. 'सात-बारा उतारा' हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरात जितक्या वेळा उच्चारला जातो तितका दुसरा कोणताही महसुली शब्द उच्चारला जात नसेल. या नोंदीचे पहिले वाक्य काय असावे? जमीनमहसुलाचा इतिहास सांगणारा लेखक मलिकंबराच्या किंवा तोडरमलाच्या जमाबंदीपासून प्रारंभ करील, आणि वाचक थकून जाईल. कायद्याचा जाणकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या अधिनियमाचा हवाला देईल; तो हवाला खरा असला तरी पहिल्या वाक्यात त्याचा उपयोग नाही. सर्वसामान्य लेखक लिहील की सात-बारा हा जमिनीच्या मालकीचा दस्तऐवज होय. हे वाक्य आटोपशीर आहे, सुबोध आहे, लोकांच्या समजुतीला धरून आहे, आणि तरीही ते घातक आहे. कारण सात-बारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. खरेदीखत न पाहता नुसत्या उताऱ्यावर भिस्त ठेवून आयुष्याची पुंजी जमिनीत घालणाऱ्या मनुष्याला दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात तेव्हा त्या आटोपशीर वाक्याचे मोल त्याला कळते. माझ्या मते ते वाक्य असे असावे: सात-बारा उतारा हा महाराष्ट्रातील एखाद्या शेतजमिनीवर कोणाचे कोणते हक्क व बोजे आहेत आणि तीत कोणती पिके घेतली जातात हे दाखवणारा महसुली अभिलेखाचा उतारा होय. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, या दोहोंवरून त्याला हे नाव पडले, हे दुसऱ्या वाक्यात यावे. तलाठी, फेरफार आणि आठ-अ यांचा तपशील त्यामागून यावा. मालकी हा शब्द पहिल्या वाक्यात हेतुपुरस्सर गाळला आहे, आणि तो का गाळला हे तिसऱ्या वाक्यात सांगणे हे कोशकाराचे कर्तव्य आहे.

या उदाहरणात मराठी वाक्यरचनेची एक अडचणही दिसून येते, आणि तिचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही. आपल्या भाषेत विशेषणे आणि विशेषणवाक्ये नामाच्या आधी येतात व क्रियापद शेवटी येते. त्यामुळे वस्तू कोणत्या जातीची हे सांगणारे नाम, म्हणजे उत्तराचा गाभा, वाक्याच्या अखेरीस जाऊन पडते. वर दिलेल्या माझ्याच वाक्यात 'उतारा' हा शब्द दुसऱ्यांदा येईपर्यंत वाचकाला हक्क, बोजे आणि पिके डोक्यावर घेऊन चालावे लागते. निबंधात असे दीर्घ, वळणे घेत जाणारे वाक्य शोभून दिसते, कारण तेथे वाचक लेखकाबरोबर चालावयास आलेला असतो. नोंदीच्या आरंभी ते शोभत नाही. यास्तव नामापूर्वी येणारा भार दोन, फार तर तीन खंडांपुरता ठेवावा आणि बाकीचे दुसऱ्या वाक्यावर सोपवावे. 'म्हणजे' या अव्ययाने वाक्य उघडले तर थोडी मोकळीक मिळते. आणि मराठी विश्वकोशाने रूढ केलेली पद्धत तर याहून समर्पक आहे: शीर्षक, त्यापुढे विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे, व्यक्ती असल्यास कंसात जन्ममृत्यूच्या तारखा, आणि लगेच क्रियापदाविना एक खंडवाक्य, ज्यात ती व्यक्ती किंवा वस्तू कोण वा काय ते सांगून टाकलेले असते. 'हा एक' आणि 'आहे' या शब्दांची त्यात काटकसर होते, आणि त्या काटकसरीने शिस्त येते. विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदींबाबत मात्र मला आदरपूर्वक वेगळे मत मांडावेसे वाटते. तेथे शीर्षकानंतर हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत, इंग्रजी आणि लॅटिन नावांची व कुलनामाची मालिका येते आणि ती संपल्यावर वर्णन सुरू होते. ती नावे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला आणि वैद्याला अत्यावश्यक आहेत, पण झाड की वेल की गवत एवढेच विचारणाऱ्या वाचकाला त्यांच्या आधी एक वाक्य मिळाले असते तर कोणाचेच काही बिघडले नसते.

ही चर्चा मी मराठीत करतो आहे ती अस्थानी नाही, कारण कोशवाङ्मयाचा एवढा थोर वारसा असलेली भाषा म्हणून आपल्याला यात अधिक उत्तरदायित्व आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परतल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड मराठीच्या हाती दिले. त्यासाठी मंडळी उभी केली, वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव हिंडले, आणि त्या साऱ्या खटाटोपाची हकीकत पुढे 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात लिहून ठेवली. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी चरित्रकोशाचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन भाग सिद्ध केले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि मीमांसा शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व आले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. लक्षण म्हणजे काय हे ज्यांना शास्त्रपरंपरेतून अवगत होते आणि आधुनिक विज्ञानाविषयी ज्यांच्या मनात खुली जिज्ञासा होती, असे संपादक मराठी विश्वकोशाला लाभले, हा मी मराठीचा भाग्ययोग मानतो. त्याहूनही मागे जावयाचे तर आपल्या दफ्तरी लेखनात मायन्याची शिस्त होती. कोणी, कोणास, कोणत्या नात्याने लिहिले हे पत्राच्या आरंभीच उघड व्हावे, यासाठी मेस्तक या नावाने ओळखले जाणारे लेखनाचे नियमग्रंथ कारकुनांच्या हाती होते. आरंभ सुटसुटीत आणि नेमका असावा ही मागणी मराठीला परकी नाही.

पहिले वाक्य नेमके असावे, याचा अर्थ ते कायमचे असावे असा नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर घ्या. बेसाल्टच्या कातळात कोरलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या वर्तुळाकार विवराला दीर्घकाळ ज्वालामुखीचे कार्य मानले जात असे, आणि दख्खनचे पठारच लाव्हाचे असल्यामुळे ते मानणे अगदी स्वाभाविक होते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होऊ शकणारे काचरूप खनिज आढळले आणि उल्कापाताचा सिद्धांत दृढ झाला. त्या दिवसापासून लोणारच्या नोंदीचे पहिले वाक्य बदलावे लागले. लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचे मंदिर, खारट व अल्कधर्मी पाणी, २०२० साली मिळालेला रामसर स्थळाचा दर्जा, हे सारे आपापल्या जागी राहिले, पण जातिवाचक शब्द बदलला. एडिंबरोत १७६८ ते १७७१ या काळात निघालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीत कॅलिफोर्नियाचे द्वीप आहे की द्वीपकल्प हे निश्चित नाही, असे त्या नोंदीतच प्रांजळपणे नमूद केले होते. आज ते वाचून कोणाला नवल वाटेल. मला त्या संपादकाविषयी आदर वाटतो, कारण ठाऊक आहे तेवढेच सांगून त्याने वाचकाला फसवले नाही. त्याच आवृत्तीत स्त्रीविषयीची नोंद मात्र तिला मनुष्याची मादी ठरवून, वाचकास दुसऱ्या नोंदीकडे धाडून, चार-सहा शब्दांत संपवलेली आहे. ते वाक्य कॅलिफोर्नियाच्या वाक्याहून कितीतरी लहान आणि निःसंदिग्ध आहे. अर्ध्या मनुष्यजातीचा अपमान करावयास ते तेवढ्याच शब्दांत पुरेसे झाले. संक्षेपाची थोरवी गाणाऱ्यांनी ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत.

पहिल्या वाक्यातील सर्वांत धोक्याचा शब्द कोणता असे मला विचाराल, तर मी 'पहिला' हाच शब्द सांगेन. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी लिहिताना मराठी लेखकाची लेखणी 'पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर' या शब्दांकडे आपोआप धावते, आणि ती का धावते हे मी जाणतो. त्या मुलीने जे सोसले आणि जे साधले त्याचे स्मरण झाले की मराठी मन भरून येते. परंतु १८८६ साली आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळवली त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचे शिक्षण पुरे केले, आणि त्यांनी पुढे प्रत्यक्ष रुग्णसेवा केली. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. काही वर्षांनी विलायतेत वैद्यक शिकून आलेल्या रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. मग पहिली कोण? पदवी घेणारी, की प्रॅक्टिस करणारी, की परदेशी शिकणारी, की देशात? या वादाचा निवाडा पहिल्या वाक्यात करण्याची मुखत्यारी कोशकाराला नाही. 'अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेतलेल्या, पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक' असे लिहिले तर आनंदीबाईंचे माहात्म्य तिळमात्र कमी होत नाही, आणि कादंबिनीबाईंवर अन्याय होत नाही. महाराष्ट्राला आनंदीबाईंचा जो अभिमान वाटतो तो या वाक्यावर सुखाने उभा राहू शकतो. 'पहिली' या शब्दावर उभा केलेला अभिमान कोणीतरी तारीख दाखवताच डळमळतो.

हे सारे शिकवता येते, ही माझी श्रद्धा आहे. आपल्या शाळांतून निबंधाचा आरंभ सुभाषिताने किंवा निसर्गवर्णनाने करावा असे सांगितले जाते. त्याला माझा विरोध नाही. पण आठवी-नववीच्या मुलांना त्याच तासाला एक वेगळा अभ्यास द्यावा: आपल्या गावचा आठवडे-बाजार, गावाजवळची नदी, ग्रामदैवताची जत्रा किंवा घरातला पाटा-वरवंटा यांपैकी एकाविषयी, आसामातल्या किंवा केरळातल्या समवयस्क मुलाला समजेल असे एकच वाक्य लिहावे. दुसऱ्या मुलाने ते अतिव्याप्ती आणि अव्याप्ती या कसोट्यांवर तपासावे. पाच शब्द अडखळत लिहिणारी मुले महिन्याभरात वस्तूकडे निरखून पाहू लागतील, आणि निरखून पाहिल्याशिवाय कोणतेही लक्षण सुचत नाही.

कोशमंडळे, विद्यापीठांचे प्रकाशन विभाग आणि मराठी विकिपीडियावर निष्ठेने लिहिणारे स्वयंसेवक यांच्यापुढे मी एवढीच सूचना ठेवतो की, नोंद पूर्ण झाल्यावर तिचे पहिले वाक्य लेखकाने बाजूला काढून पुन्हा नव्याने लिहावे, कारण विषय खरा उलगडतो तो नोंद लिहिता लिहिताच. आणि छापण्यापूर्वी ते वाक्य, केवळ तेवढे वाक्य, त्या विषयातल्या तज्ज्ञाला एकदा आणि त्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या वाचकाला एकदा दाखवावे. तज्ज्ञाने ते खोटे नाही असे म्हणावे, अनभिज्ञाने ते समजले असे म्हणावे. दोघांपैकी एकानेही मान हलवून नकार दिला तर पुढचे पंचवीस परिच्छेद कितीही विद्वत्तापूर्ण असोत, नोंद परत पाठवण्याचा अधिकार संपादकाला असावा.